तोंडावर बसेल तो मास्क घ्या, बाकीचं भाड्यानं

प्रश्न: आम्ही दोघं भाऊ-बहीण, दर्यापूर तालुक्यातले. मी २६ वर्षांचा, बहीण २२ची. दोघंही विहिरीत अन् पूर्णेत पोहून मोठे झालो. डिसेंबरात मालवणला स्कूबाचा (पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली पोहण्याचा) ओपन वॉटर, म्हणजे सुरुवातीचा कोर्स करायचं ठरवलंय, पैसेही भरले. सामानासाठी दोघांत मिळून १२ हजार बाजूला ठेवलेत. मला चष्मा आहे, उजव्या डोळ्याला उणे ३.२५, डाव्याला उणे २.७५ अन् सिलिंड्रिकल ०.५०. मिशीही आहे. ओळखीतला एक जण सिलिंडर-रेग्युलेटरसकट जुना संच २८ हजारांत देतो म्हणतो, उसनवारी करून तो घ्यावा काय? की सध्या पोहण्याचे गॉगल घेऊन भागेल? घेतलेलं सामान आमच्या शेततळ्यात तपासून पाहता येईल काय?
– एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर: भाऊ, जुना संच घेऊ नका. पत्रातली घाईची गोष्ट हीच आहे, म्हणून पहिलं उत्तर तिचं.

सिलिंडरमधली हवा साधारण २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास दोनशेपट दाबाची असते. रेग्युलेटर तो दाब दोन टप्प्यांत उतरवतो आणि तुम्ही ज्या खोलीवर असाल तिथल्या पाण्याच्या दाबाइतकी हवा तोंडात देतो. हे काम आतले रबरी वायसर, पडदे आणि बारीक स्प्रिंगा करतात. वापर झाला नाही तरी वायसर सुकतात, मिठाचे कण आत धरून बसतात, पितळेवर हिरवट गंज चढतो. म्हणून रेग्युलेटरची सर्व्हिसिंग साधारण दरवर्षी करावी लागते, तीही त्या कंपनीचं काम शिकलेल्या माणसाकडून. अशी माणसं समुद्रकाठी भेटतात, अकोला-अमरावतीत शोधत बसावं लागेल. सिलिंडरचीही ठरावीक वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी होते आणि तारीख त्याच्या गळ्याजवळ ठोकलेली असते. ती मुदत टळलेला सिलिंडर कोणतंही चांगलं डाइव्ह सेंटर भरून देत नाही.

यापेक्षा मोठी काळजी वेगळीच आहे. गावात सिलिंडर आला की पाच-पन्नास लोकांना कळतं आणि महिन्याभरात कोणीतरी दारात येतं: ‘विहिरीत मोटर पडली, जरा काढून देता काय?’ मग सिलिंडर भरायचा कुठं, हा प्रश्न येतो. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर दहाएक बारच्या पुढं जात नाही. शिवाय त्याच्या हवेत तेलाचा अंश असतो, आणि जवळ डिझेल इंजिन चालू असेल तर धूरही त्याच हवेत ओढला जातो. धुरातला विषारी वायू खोलीवर दाबाखाली आणखी घातक होतो. वेल्डिंगचा किंवा दवाखान्यातला ऑक्सिजन भरण्याचा विचार तर मनातही आणू नका. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली शरीराला विषासारखा बाधतो, पाण्यातच झटके येतात. श्वासाची हवा त्याच कामाच्या कॉम्प्रेसरमधून, गाळण्यांतून आलेली लागते. तेव्हा २८ हजार वाचवा, उसनवारीही टळेल.

आता १२ हजारांचं काय करायचं ते. काहीही घेण्याआधी जिथं पैसे भरले तिथं फोन करा आणि फीमध्ये काय-काय येतं ते नाव घेऊन विचारा. ‘सगळं मिळेल’ एवढ्यावर फोन ठेवू नका. सिलिंडर, वजनाचा पट्टा, बीसीडी (अंगात घालायचं हवा भरायचं जाकीट), रेग्युलेटर, वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख), फिन्स (पायात घालायची पोहण्याची वल्ही), मास्क, स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) – एकेक विचारा. दोघांची उंची, वजन, चपलेचा नंबर सांगून त्या मापाचं सामान आहे का ते पाहा. नंबरच्या काचांचे मास्क ठेवतात का आणि उणे ३ चा आहे का, हेही विचारा. काही सेंटर ठेवतात. आणि मेडिकल फॉर्म आधीच मागवून घ्या. दमा, कानाचं ऑपरेशन, फिट, हृदयाचा त्रास यांसारख्या प्रश्नाला ‘हो’ असेल, तर डॉक्टरांची सही लागते. ती अमरावतीतच घेऊन निघा. कोकणात पोचल्यावर सहीवाचून पाण्यात उतरू दिलं नाही, तर एवढा प्रवास वाया जाईल.

मास्क: निम्म्याहून जास्त पैसे इथं घाला

पोहण्याचे गॉगल स्कूबाला चालत नाहीत, कितीही महागडे असले तरी. याचा अनुभव तुम्हाला विहिरीत आलाच असेल. दोन पुरुष खोल बुडी मारली की कान दुखतात आणि गॉगल डोळ्यांत रुतल्यासारखा होतो. तेवढ्या खोलीवर आतली हवा सुमारे चौथ्या हिश्शानं आक्रसते. गॉगल नाकाला झाकत नाही, त्यामुळे आत हवा सोडून दाब सारखा करायला वाट नसते. मग काच डोळ्यांना कपाच्या चोषणीसारखी ओढते आणि पांढऱ्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. कोर्समध्ये तुम्ही १८ मीटरपर्यंत जाल. मास्कमध्ये नाक आत असतं, उतरताना नाकानं हलकी फुंकर मारली की भागतं. नाकाचा तो मऊ खिसा बाहेरून दोन बोटांत धरून, नाक बंद करून हळू दाब दिला की कानही मोकळे होतात. म्हणून नाकाचा खिसा आणि तो चिमटीत येणं ही पहिली अट.

दुसरी अट काचेची. काचेच्या कोपऱ्यात टेम्पर्ड असल्याचा शिक्का हवा. साधी काच फुटली तर धारदार तुकडे डोळ्यापाशी असतात, टेम्पर्ड काच फुटली तर बोथट कण होतात. प्लास्टिकची काच लवकर चरे धरते आणि तिच्यावर धुकं जास्त येतं. तिसरी अट चेहऱ्याला लागणाऱ्या कडेची, म्हणजे स्कर्टची. ती सिलिकॉनची हवी. पीव्हीसीची कड स्वस्त असते आणि हाताला थोडी ताठ, चिकट लागते. मुडपून सोडली तर सिलिकॉन लगेच मूळ आकारात येतं, पीव्हीसी रेंगाळते. ही परीक्षा दुकानात उभ्या-उभ्या होते. कड दुपदरी असेल तर आणखी चांगलं.

ब्रँडवर भांडत बसण्यात अर्थ नाही. मारेस, क्रेसी, स्कूबाप्रो, टुसा यांचे साधे मास्कही कोर्सला पुरतात. बघायचा फक्त चेहरा. मोठ्या नावाचा मास्क तुमच्या गालफडावर बसत नसेल तर तो तुमच्यासाठी वाईटच. म्हणून दोघांनी एकाच मापाचे दोन मास्क घेऊ नका, ताईंचा चेहरा लहान असेल तर अरुंद कडेचा, कमी पोकळीचा मास्क बघा. पोकळी कमी म्हणजे पाणी शिरलं तर काढायला फुंकर कमी लागते.

बसतो की नाही ते असं तपासा. पट्टा पुढं, काचेवर टाका. मान वर करून छताकडे बघा आणि मास्क चेहऱ्यावर नुसता ठेवा, दाबू नका. दुसऱ्यानं बाजूनं बघावं: कानशिलाजवळ, भुवईवर, वरच्या ओठाजवळ कुठं फट दिसते का? मग मान सरळ करा, नाकानं हलकासा श्वास ओढा आणि रोखा. हात सोडला तरी मास्क पाच-दहा सेकंद चिकटून राहायला हवा. जोरात ओढाल तर न बसणारा मास्कही क्षणभर चिकटेल आणि दुकानदार ‘बसला’ म्हणेल, म्हणून श्वास हलकाच. हेच पुन्हा स्नॉर्केलचं मुखपात्र दातांत धरून करा, कारण तोंडात काही धरलं की गाल आणि ओठ हलतात आणि फट पडते ती तेव्हाच. शेवटी मास्क दोन मिनिटं लावून बसा. नाकाच्या दांडीवर किंवा कपाळावर काच-फ्रेम टोचत असेल तर अर्ध्या तासात पाण्यात डोकं ठणकेल. ऑनलाइन घ्यायचा तर परत करण्याची सोय असलेल्या ठिकाणाहूनच घ्या आणि पाण्यात न घालता ही परीक्षा आधी करा.

कड पारदर्शक की काळी? नवशिक्यांना आमचा सल्ला पारदर्शक. बाजूनं उजेड येतो, कोंडल्यासारखं वाटत नाही. काळ्या कडेचा मास्क फोटो काढणाऱ्यांना आवडतो, तो पुढं बघता येईल. नाकाखाली पाणी काढायची झडप असलेले मास्क मिळतात, ती झडप नको. वाळूचा कण अडकला की तीच गळते, आणि पाणी काढायची रीत कोर्समध्ये शिकवतातच. पूर्ण चेहऱ्याचा स्नॉर्केलिंगचा मास्क हल्ली ऑनलाइन खूप दिसतो, तो स्कूबासाठी नाही. त्यात रेग्युलेटर तोंडात धरता येत नाही.

तुमचा नंबर

चष्मा मास्कमध्ये राहत नाही. काड्या कडेखालून जातात आणि तिथून पाणी येतं. पाण्यात वस्तू सुमारे एक तृतीयांशानं मोठ्या आणि पाव हिस्सा जवळ दिसतात, म्हणून उणे एक-दीड नंबरवाले बिननंबरच्या काचांवर भागवून नेतात. तुमचं तीनवर भागणार नाही. सिलिंडरच्या मापकाचा काटा आणि साथीदाराच्या हाताच्या खुणा स्पष्ट दिसायलाच हव्यात.

दोन काचांचे बरेच मास्क असे येतात की कंपनीच्या तयार नंबरच्या काचा त्यांत बसतात. मास्क घेतानाच त्या मॉडेलला अशा काचा मिळतात का ते विचारा. एकसंध एका काचेचा मास्क घेतलात तर ती वाट बंद होते. तयार काचा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यानं येतात आणि सिलिंड्रिकल त्यांत नसतो. हिशेब असा: सिलिंड्रिकलचा निम्मा मूळ नंबरात मिळवायचा. तुमच्या डाव्या डोळ्याचा ०.५०चा निम्मा ०.२५, तो उणे २.७५ मध्ये मिळवला की बरोबर उणे ३.० होतो. उजवा उणे ३.२५ दोन टप्प्यांच्या मध्ये आहे, तिथं हलका टप्पा धरा, म्हणजे उणे ३.०च. दोन्हीकडे एकच नंबर आला, तुमचं काम सोपं झालं. तरी डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, कागदावरचा नंबर दोन वर्षांपूर्वीचा असू शकतो. ऑर्डर देताना डावी-उजवी काच वेगळी असते हे विसरू नका, दोन्ही उजव्या मागवल्या तर एक बसणार नाही.

मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ही दुसरी वाट. मऊच, जुन्या पद्धतीच्या कडक नकोत. कोर्समध्ये मास्क पूर्ण पाण्यानं भरून रिकामा करायला लावतात, काढून पुन्हा घालायलाही लावतात. तेव्हा डोळे मिटून घ्यावे लागतील, नाहीतर लेन्स वाहून जाते. रोज फेकायच्या लेन्स घ्या, दोन जोड जास्तीचे ठेवा. आणि लेन्स घालून विहिरीत, तळ्यात, नदीत उतरू नका. गोड्या साचलेल्या पाण्यातले सूक्ष्म जीव लेन्सखाली राहिले तर डोळ्याच्या बुब्बुळाला भयंकर संसर्ग होतो. तुमच्या जागी आम्ही नंबरच्या काचाच निवडू.

मिशी, टिकली, तेल

मास्क गळतो तेव्हा बऱ्याचदा दोष मास्कचा नसतो. मिशीचे केस कडेखाली पुलासारखे उभे राहतात आणि त्यांच्यामधून थेंब-थेंब पाणी आत येतं. मिशी काढायची गरज नाही. नाकपुड्यांच्या लगेच खाली, जिथं कड टेकते तिथं बोटाच्या निम्म्या रुंदीची पट्टी वस्तऱ्यानं साफ करा, बाकी मिशी तशीच राहू द्या. दाढीचे खुंट एक दिवसाचेही गळती वाढवतात, पण रोज सकाळी दाढी करून खाऱ्या पाण्यात शिरलात तर आग होईल. आदल्या रात्री करा. मिशीला व्हॅसलिन चोपडायचा सल्ला कोणी देईल. पेट्रोलियमचा तो पदार्थ मास्कच्या कडेला लागू देऊ नका, लावायचंच तर सिलिकॉनचं ग्रीस.

ताईंसाठी: टिकली काढून ठेवा आणि डिंकाचा डागही पुसा. मास्कची वरची कड नेमकी तिथंच बसते. नाकात चमकी असेल तर नाक चिमटीत दाबताना ती आतून टोचते आणि खिशाचं सिलिकॉनही कापते, तेवढे दिवस ती काढलेली बरी. कपाळावरची एकही बट कडेखाली नको. केसांची एक घट्ट वेणी खाली, मानेशी बांधा. उंच अंबाडा पट्ट्याला खाली सरकवतो. रबरी पट्टा ओल्या केसांत अडकून ओढतो, त्याला कापडी आवरण मिळतं. पट्ट्यावर चढवायचं हे आवरण फार महाग नसतं, घ्याच. आणि डाइव्हच्या सकाळी डोक्याला खोबरेल नको, चेहऱ्याला क्रीम नको. तेलानं कड घसरते, आणि बोटाचं तेल काचेला लागलं की धुकं धरतं.

पट्टा डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, आडवा. गळायला लागलं की माणूस पट्टा आवळतो, आणि आवळल्यानं कड मुडपून आणखी गळतं. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत.

नव्या काचेवर कारखान्यातून एक बारीक थर राहिलेला असतो. तो काढला नाही तर कितीही थुंकी लावा, धुकं येतच राहतं. साधी पांढरी टूथपेस्ट घ्या, जेलची नको. वाटाण्याएवढी काचेच्या आतल्या बाजूला टाका आणि ओल्या बोटानं प्रत्येक काच पाच मिनिटं चोळा, कोपऱ्यांत विशेष. धुवा, वाळवा, जवळून वाफ सोडा. वाफ ढगासारखी पसरून बसली तर पुन्हा करा. तीन-चार वेळा करावं लागतं. भांडी घासायची राख, रांगोळी किंवा तारेचा घास यांनी चरे पडतात. मास्कच्या खोक्यावर धुकं न धरणारा लेप दिल्याचं लिहिलं असेल किंवा नंबरच्या काचा प्लास्टिकच्या असतील तर हे करू नका. काडी पेटवून थर जाळायची युक्ती सांगणारे भेटतील. कड भाजते, नव्या माणसानं त्या फंदात पडू नये. पाण्यात उतरण्याआधी थुंकी किंवा पाण्यात पातळ केलेला लहान बाळांचा शॅम्पू आतून फिरवा आणि हलकं विसळा.

स्नॉर्केल

तोंडात जाणारी वस्तू, म्हणून स्वतःची असावी. बहुतेक कोर्समध्ये लागते. साधी, वाकडी नळी, सिलिकॉनचं मुखपात्र, लांबी ३५ ते ४० सेंटिमीटर. लांब नळी घेतली की जास्त खोल जाता येईल असं वाटतं, पण तसं होत नाही. नळीत आपलाच सोडलेला श्वास साचून परत आत येतो, आणि छातीवर पाण्याचा दाब इतका पडतो की हवा ओढताच येत नाही. लावायची डाव्या बाजूला, कारण रेग्युलेटरची नळी उजव्या खांद्यावरून येते. वर चेंडू किंवा झडपा असलेली भारी नळी नको.

फिन्स आणि वेटसूट

फिन्स भाड्यानं वापरा. दोन तऱ्हा असतात: बुटासारखं पूर्ण पाऊल आत जाणारे, आणि टाच उघडी ठेवून पट्ट्यानं बांधायचे. दुसऱ्यांत बूटी (मऊ रबरी बूट) घालावी लागते. सेंटरला तुमच्या कोर्समध्ये कोणते देतात ते विचारा. उघड्या टाचेचे असतील तर ३ मिलिमीटरची बूटी स्वतःची घ्या. दुसऱ्याच्या ओल्या बूटीत पाय घालण्यापेक्षा ते बरं, आणि होडीच्या फळीवर, खडकावर तळव्याला आधार राहतो. बूटी संध्याकाळी मापा, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात. बोटं सरळ राहायला हवीत. आपल्याकडचा ८ नंबर हा फिन्स-बूटीवरच्या ४२च्या आसपास येतो. शेतात अनवाणी वावरलेले पाय पुढं रुंद झालेले असतात, त्यामुळे लांबी बसली तरी करंगळी दाबली जाते का ते पाहा. आवळ फिन्समुळे पाण्यात पायाला गोळा येतो, सैल असल्या तर घोट्याचं कातडं सोलतं.

वेटसूट घेऊ नका. मालवणच्या पाण्याचं तापमान मोसमात साधारण २७ ते २९ अंश असतं, ३ मिलिमीटरचा भाड्याचा पुरतो. अर्ध्या बाह्यांपेक्षा पूर्ण अंगाचा मागा, जेलीफिश आणि खडकावरच्या धारदार शिंपल्यांपासून कातडी वाचते. पाठीच्या कण्याच्या खोलगट भागात आणि काखेत पोकळी राहिली तर तिथं सारखं नवं पाणी शिरतं आणि तिसऱ्या डाइव्हला हुडहुडी भरते. गळ्याशी मात्र श्वास कोंडेल इतका घट्ट नको. आत घालायला दोघांनीही पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा लायक्रा टी-शर्ट आणि तंग पँट घ्या. ताईंचा अंग झाकण्याचा प्रश्नही त्यातच सुटतो, आणि होडीवर वेटसूट कमरेपर्यंत उतरवला तरी ऊन लागत नाही. सुती टी-शर्ट पाणी पिऊन जड होतो आणि रात्रभर वाळत नाही. वेटसूट चढवताना पायात प्लास्टिकची पातळ पिशवी घाला, पाय सरसर जातो. मग पिशवी काढून घ्या, होडीवर उडू देऊ नका.

चाकू, हातमोजे, टॉर्च, मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर यांतलं काही आता नको. कोर्सनंतर हा नाद टिकला तर पहिली मोठी खरेदी कॉम्प्युटरची करा. कानात घालायचे बोळे तर कधीच नकोत. बोळा आणि पडदा यांच्यामध्ये हवा अडकते आणि दाबानं बोळा आत ओढला जाऊन पडदा फाटू शकतो.

शेततळ्यात नाही

शेततळ्यात सामान तपासायला उतरू नका, दोघं असाल तरी. तुमच्या तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेला असेल तर त्याचे उतार शेवाळानं साबणासारखे होतात. चांगला पोहणारा माणूसही काठावर चढू शकत नाही, हात ठेवायला पकडच मिळत नाही. शेततळ्यात असेच लोक बुडतात. ज्यांच्या शेतात हे तळं आहे त्यांनी कोर्स असो-नसो, दोन बाजूंना गाठी मारलेला जाड दोर खुंटीला बांधून पाण्यापर्यंत सोडलेला ठेवावा.

मास्क आणि स्नॉर्केल तपासायला गुडघाभर उंचीचा हौद किंवा मोठं घंगाळ पुरतं. वाकून चेहरा पाण्यात घाला, नळीतून पाच मिनिटं शांत श्वास घ्या. मग मास्कची वरची कड थोडी उचलून चमचा-दोन चमचे पाणी आत घ्या. कपाळाशी मास्क तळव्यानं हलका दाबून धरा, नजर किंचित वर, आणि नाकानं सावकाश श्वास सोडा. पाणी खालच्या कडेनं निघून जाईल. विहिरीत पोहणाऱ्यांना नाक चिमटून बुडायची सवय असते, म्हणून नाकात पाणी गेलं की दचकायला होतं. कोर्समध्ये अनेकांची गाडी इथंच अडते. घरी आठवडाभर रोज दहा मिनिटं हे केलंत तर तिथं अर्धा दिवस वाचेल.

पोहण्याचा सराव मात्र अमरावतीच्या तलावात जीवरक्षक असताना करा. बहुतेक संस्था सलग २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं तपासतात. २५ मीटरच्या तलावात त्या आठ फेऱ्या झाल्या. वेळेची घाई नसते, कोणत्याही हातानं पोहा, पण थांबायचं नाही. नदीत प्रवाहाबरोबर पोहणाऱ्याला हे वाटतं त्यापेक्षा जड जातं.

भाड्याचं सामान हातात आल्यावर

रेग्युलेटरच्या मुखपात्राचे दातांत धरायचे दोन्ही खुंट शाबूत आहेत का आणि ते प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधलंय का ते पाहा. नळ्या वाकवून बघा, मुळाशी बारीक तडे नकोत. सिलिंडर उघडल्यावर मापकाकडे बघत चार श्वास घ्या. काटा स्थिर हवा. श्वासागणिक काटा खाली लवून परत येत असेल तर सिलिंडरची तोटी पुरती उघडलेली नाही. हे खोलवर कळण्यापेक्षा होडीवर कळलेलं बरं. हवेला तेलाचा, धुराचा वास आला तर डाइव्ह नको म्हणा, यात भीड ठेवू नका. जाकिटात हवा पूर्ण भरून पाच मिनिटं ठेवा, सैल पडतं का बघा. हवा भरायचं बटण दाबून सोडल्यावर अडकत असेल तर ते जाकीट बदलून घ्या, कारण अडकलेलं बटण माणसाला पाण्यातून वर फेकतं. काहीही खटकलं तर आधी इन्स्ट्रक्टरला दाखवा, स्वतः पान्हा लावू नका.

परतीचं तिकीट काढताना एवढं बघा: अनेक दिवसांच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नये आणि उंच घाटही चढू नये. आंबोली सुमारे ६९० मीटर उंच आहे. शेवटची डाइव्ह आटोपून त्याच संध्याकाळी आंबोलीमार्गे कोल्हापूरची बस धरू नका, एक रात्र मालवणात काढा.

सामान रोज गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, नुसतं खळबळून मीठ निघत नाही. घरी आल्यावर पुन्हा एकदा धुवा, आणि तुमच्याकडे इथंच चूक होईल. दर्यापूरचा पट्टा खारपाणाचा. बोअरच्या पाण्यानं धुतलंत तर समुद्राचं मीठ काढून जमिनीचं मीठ घातल्यासारखं होईल, काचेवर पांढरा राप चढेल आणि पट्ट्याची बक्कल घट्ट बसेल. नळयोजनेचं पाणी घ्या, नाहीतर साठवलेलं पावसाचं. वाळवायचं सावलीत. मास्क त्याच्या टणक डबीत ठेवा, पारदर्शक कडेला काळं रबर किंवा रंगीत कापड टेकू देऊ नका, पिवळा-काळपट डाग कायमचा बसतो. बूटी खिळ्याला टांगू नका, आत कागदाचा बोळा घालून ठेवा. वैशाखात टिनाच्या खोलीत भट्टी पेटते, म्हणून सामान मातीच्या भिंतीच्या किंवा स्लॅबच्या खोलीत, जमिनीलगत, झाकणाच्या पेटीत. धान्याच्या कोठीजवळ नको, उंदीर बूटी कुरतडतील. त्या पेटीत डांबराच्या गोळ्याही टाकू नका, त्यांचा वास स्नॉर्केलच्या मुखपात्रात मुरतो.